मामा, खड्डा आधी की शिवाजी महाराज?

दिवाळीत घरी होतो तेव्हा चौथीतल्या भाच्यानं हा प्रश्न विचारला. आमचं गाव लोणारपासून जवळ, सिंदखेडराजाही फार दूर नाही. पोरानं दोन्ही पाहिलंय. जिजाऊंचा वाडा पाहिला, सरोवराच्या काठावर उभं राहून फोटो काढला. दोन्ही त्याच्या डोक्यात 'लई जुनं' या एकाच डब्यात पडलेलं. मी आधी हसलो. मग लक्षात आलं, हसण्यासारखं काही नाही. त्याला १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख तोंडपाठ आहे, फक्त ती केवढी लांब आहे हे त्याला कोणी दाखवलेलं नाही.

त्याच्या दप्तरातलं बालभारतीचं 'परिसर अभ्यास, भाग २' काढून वाचलं. चौथीचं हे पुस्तक म्हणजे शिवचरित्र. पहिलाच पाठ 'शिवजन्मापूर्वीचा महाराष्ट्र', आणि मग गोष्ट जी धरते ती सोडत नाही. चांगलं लिहिलंय, मलाही लहानपणी आवडायचं. मग ताईनं मोठीचं पाचवीचं जुनं पुस्तक काढून दिलं. त्यात पहिला पाठ 'इतिहास म्हणजे काय?', दुसरा काळाच्या कल्पनेवर, पुढे उत्क्रांती, दगडाची हत्यारं. म्हणजे आधी वर्षभर इतिहास शिकायचा, आणि इतिहास म्हणजे काय ते पुढच्या वर्षी! माझी तक्रार या क्रमाबद्दल आहे, गोष्टीबद्दल नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं की एवढ्या लहान पोरांना काळ समजत नाही. पियाजेच्या मांडणीवर उभं राहून इंग्लंडातल्या हॅलमसारख्या अभ्यासकांनी १९७०च्या आसपास हेच म्हटलं होतं. पण १९९६ मध्ये कीथ बार्टन आणि लिंडा लेव्हस्टिक यांनी अमेरिकेत बालवाडी ते सहावीच्या मुलांसमोर वेगवेगळ्या काळातली चित्रं ठेवली आणि क्रम लावायला सांगितला. अगदी छोट्यांनीही कपडे, गाड्या, घरं बघून बराचसा क्रम बरोबर लावला. सनावळी मात्र त्यांना काही सांगत नव्हती, ती वरच्या वर्गांत हळूहळू कळू लागते. थोडक्यात, काळ समजतो, आकडा समजत नाही. आणि आपण परीक्षेत विचारतो काय? आकडा.

तर मी काय केलं, ते सांगतो. घरातली मोजपट्टी घेतली. एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष. त्याचं वय एक सेंटिमीटरपेक्षा कमी, तो जरा नाराज झाला. आजीचं सात सेंटिमीटर. महाराजांचा जन्म चाळीस सेंटिमीटरच्या आत आला, जिजाऊंचा (१५९८) त्याच्या तीन सेंटिमीटर पलीकडे. मग लोणार. उल्का आदळली तेव्हा खडक वितळला, आणि वितळलेल्या खडकात आर्गॉनचं घड्याळ बहुतांशी पुन्हा शून्यापासून सुरू होतं. ते मोजून २०११ मध्ये वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. म्हणजे ५७० मीटर. आम्ही गल्लीतून चालत निघालो, पाण्याची टाकी ओलांडली तरी पोहोचलो नव्हतो. ज्या बेसाल्टमध्ये तो खड्डा आहे तो साडेसहा कोटी वर्षांचा, तिथं जायला एसटीच लागेल, पासष्ट किलोमीटर.

आता माझ्या मते खरा धडा इथं आहे. त्याआधी लोणारचं वय ५२ हजार वर्षं सांगायचे, म्हणजे टाकीच्या बरंच अलीकडे. नवीन पुरावा आला, खूण दहापट लांब गेली. शिवजन्माचंही तसंच. आजोबांच्या पिढीला १६२७ शिकवलं होतं. पुढे जेधे शकावली हाती आली, १९१६ मध्ये टिळकांनी ती प्रसिद्ध केली, त्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. परमानंदाच्या 'शिवभारता'तही तीच तिथी. वाद कितीतरी वर्षं चालला, आणि २००१ मध्ये शासनानं १९ फेब्रुवारी १६३० मान्य केली. पोरांना ती तारीख पाठ करायला लावतो, पण ती कशी सापडली ही त्याहून रंगतदार गोष्ट सांगत नाही. आमच्या पट्टीवर तो सगळा वाद जेमतेम तीन मिलिमीटरचा, हे बघून भाचा खूश झाला.

दोन शिक्षकांवर चार वर्ग चालतात तिथं हे कोण करणार, असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. पण मोजपट्टी प्रत्येक दप्तरात असते, आणि हे सगळं करायला आम्हाला दुपारचा तासभर लागला. पुस्तकात चौथीच्या सुरुवातीला काळाची एक पट्टी आणि 'हे आपल्याला कसं कळलं?' अशी एक चौकट प्रत्येक पाठाला दिली तर कोणत्याही गोष्टीचा रंग उतरणार नाही.

परत येताना मी त्याला सांगितलं की लोणारच्या वयात ४७ हजार वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात, शास्त्रज्ञ स्वतःच तसं लिहितात. तो टाकीपाशी थांबला.

"सत्तेचाळीस मीटर चूक? आणि तरी बाईंनी पूर्ण मार्क दिले?"