‘ययाति’तील आसक्ती : भोग की आत्मसंरक्षण?

वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार व १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार तिला लाभला. लेखकाचे उत्तरायुष्य कोल्हापुरात गेले असल्यामुळे कोल्हापूर, पेठ वडगाव या टापूतील वाचकास ती घरची वाटावी, हे स्वाभाविकच होय. परंतु घरच्या वस्तूचे निरीक्षण क्वचितच होते. भोगलोलुप राजा आणि संयमी कच यांचा विरोध दाखविणारी नीतिकथा, एवढ्यावरच तिचे विवेचन बहुधा थांबते.

या वाचनाला कादंबरीचा आरंभच बाध आणतो. सौंदर्य ओसरेल या भयाने आईने आपल्याला अंगावर पाजले नाही, हे ययातीला बालपणीच कळते, आणि मातृत्वावरील त्याचा विश्वास तेथेच ढळतो. पुढे नहुषाच्या आसन्न मृत्यूने तो भयग्रस्त होतो, व त्या अवस्थेतच मुकुलिका या दासीच्या सहवासात तो दुःख बुडवू पाहतो. अलकेचे निर्मळ प्रेम लाभते न लाभते तोच ती राणीच्या क्रौर्याला बळी पडते. शर्मिष्ठा दुरावल्यावर तर त्याच्या स्वैराचाराला मर्यादाच राहत नाही. हा क्रम लक्षणीय आहे. भोगाच्या प्रत्येक उसळीपूर्वी कोणीतरी जिवलग हरवलेले असते.

मानसशास्त्राच्या परिभाषेत या भोगाला संरक्षण-यंत्रणा म्हणावे लागेल. ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये अशा यंत्रणांचे व्यवस्थित विवेचन केले. पण त्यांच्या मांडणीत भर होता तो मुख्यतः अंतःप्रेरणांपासून अहंच्या होणाऱ्या बचावावर. जॉन बोल्बी यांनी मूल व माता यांच्या बंधावरील आपला निबंध १९५८ मध्ये, म्हणजे ‘ययाति’च्या आदल्याच वर्षी, प्रसिद्ध केला, व पुढे १९६९ ते १९८० या काळात तीन खंडांत तो विचार विस्तारला. त्यांच्या मते जवळिकीची ओढ ही भुकेइतकीच मूलभूत असते. ती वारंवार विफल झाली की मन त्या ओढीची जाणीवच बाहेर ठेवू लागते. दीर्घ वियोगानंतर आई परतली तरी तिच्याकडे पाठ फिरविणारे मूल हे त्याचे परिचित उदाहरण. त्या मुलाला माया उरलेली नसते असे नव्हे; ती व्यक्त करणे त्याला धोक्याचे वाटते.

मराठीत ‘आसक्ती’ हा एकच शब्द बंध आणि हाव या दोहोंना पुरतो, आणि येथेच समीक्षेचा घोटाळा होतो. ययातीच्या ठायी हाव विपुल आहे. बंध मात्र जवळजवळ नाही. या दृष्टीने पाहता घर सोडून गेलेला त्याचा थोरला भाऊ यती हा त्याचा विरोधी ध्रुव ठरत नाही. एकाने देहाचा तिरस्कार करून, दुसऱ्याने देहात बुडून, माणसाची गरज टाळली. देवयानीचे उदाहरण तर अधिक उघड आहे. कचाने नाकारल्याचे शल्य ती अहंकाराखाली झाकते, आणि त्याचा दंश ययातीला व शर्मिष्ठेला सोसावा लागतो.

खांडेकरांचे निरीक्षण त्यांच्या उपदेशाहून सरस आहे ते येथे. रोग त्यांनी विश्वासभंगाचा दाखविला आणि औषध संयमाचे सुचविले. कचाचे वैराग्य उदात्त असेल, परंतु पाजले न गेलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न कादंबरी स्वतःला विचारीत नाही. त्याचे उत्तर तिने नकळत शर्मिष्ठेच्या रूपाने दिलेले आहे. तिच्या सहवासातच ययाती काही काळ निर्भय होतो.

निवेदनपद्धतीचाही येथे विचार व्हावयास हवा. ययाती, देवयानी व शर्मिष्ठा आपापली कथा स्वतः सांगतात. ययातीचे निवेदन अलंकृत, पश्चात्तापाने ओथंबलेले आहे. पण स्वतःला पापी म्हणविणारा हा राजा बाल्यातील त्या पहिल्या आघातावर फार काळ रेंगाळत नाही. पापाची कबुली त्याला सोपी जाते. ‘मला कोणी हवे होते’ हे म्हणणे त्याला जड जाते. त्याचे हे वाक्पाटवही एक कवचच आहे.