'गॅस' म्हणजे 'गोंधळ'? एका लाडक्या वाक्याची तपासणी

रसायनशास्त्राच्या किंवा थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल : "गॅस हा शब्द ग्रीक 'केऑस'वरून आला, कारण वायूचे रेणू वाट्टेल तिकडे धावत असतात, सगळा गोंधळ असतो." लक्षात राहायला सोपं आणि स्लाइडवर टाकायला छान. म्हणूनच ते सेमिनारमध्ये, पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत आणि थिसिसच्या पहिल्या प्रकरणातसुद्धा सापडतं.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे, 'कारण'नंतरचा चूक. अडचण अशी की बरोबर भागाच्या भरवशावर चुकीचा भागही खपून जातो. कुणी शब्दकोश उघडला, तर 'केऑस' तिथे सापडतो आणि आपण समाधानाने पुढे जातो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी नेमकं इथेच थांबायला हवं.

शब्द कुणी केला?

बहुतेक शब्दांचा जन्मदाता माहीत नसतो. 'गॅस'चा माहीत आहे : ब्रुसेल्सचा वैद्य आणि रसायनज्ञ यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट (1580–1644). त्याचा मुख्य ग्रंथ 'ऑर्टुस मेडिसिने' त्याच्या मृत्यूनंतर मुलाने 1648 मध्ये प्रकाशित केला. त्यात तो स्वतःच सांगतो की या वाफेसारख्या पदार्थाला मी 'गॅस' म्हणतो आणि हे नाव प्राचीनांच्या 'केऑस'पासून फार दूरचं नाही.

आपल्याला हे शब्द लांबचे वाटतात, कारण आपण ते इंग्रजी कानाने ऐकतो. डच बोलीत सुरुवातीचा 'ग' घशातून, घासून उच्चारतात, साधारण उर्दूतल्या 'ख़बर'मधल्या 'ख़'सारखा. डचमध्ये 'केऑस'चा उच्चारही 'ख़ाओस'च्या जवळ जातो. फान हेल्मोंटच्या कानाला दोन्ही शब्द शेजारीच होते.

दुसरा एक दावाही 18व्या शतकापासून पुस्तकांत फिरतोय : 'गॅस' हा जर्मन 'गाइस्ट' किंवा डच 'ख़ेस्ट' म्हणजे 'आत्मा, चैतन्य' यावरून आला. तो अगदीच टाकाऊ नाही. सुरुवातीचा ध्वनी जुळतो, आणि फान हेल्मोंट स्वतः अशा पदार्थांना 'स्पिरिटुस' म्हणतच होता. म्हणजे नुसत्या उच्चारावर निकाल लागत नाही. पण शब्द करणाऱ्याचं लेखी निवेदन एका बाजूला आणि नंतरच्यांचा अंदाज दुसऱ्या बाजूला असेल, तर पुरावा देण्याची जबाबदारी अंदाज करणाऱ्यावर येते. तसा पुरावा नाही. म्हणून 'केऑस'.

मग 'कारण' चूक कसं?

तारखा बघा. वायूचा दाब म्हणजे सूक्ष्म कणांचे धक्के, हा विचार डॅनियल बर्नुलीने 1738 मध्ये मांडला. क्लॉसियसचा कायनेटिक थिअरीवरचा प्रसिद्ध लेख 1857 चा, मॅक्सवेलचा 1860 चा. फान हेल्मोंट 1644 मध्येच वारला होता. यादृच्छिकपणे धावणाऱ्या रेणूंचं चित्र त्याच्यासमोर असणं शक्यच नव्हतं.

आता 'केऑस'कडे या. हेसिअडच्या काळातल्या ग्रीकमध्ये याचा अर्थ 'गोंधळ' नव्हे, तर 'आ वासलेली पोकळी' असा होता. 'जांभई' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी त्याचं नातं आहे. 'बेशिस्त, आकारहीन ढीग' ही छटा पुढे ओव्हिडसारख्या रोमन कवींमुळे रुजली. शिवाय फान हेल्मोंट ज्याच्या परंपरेत वाढला, त्या पॅरासेल्ससने (मृत्यू 1541) 'केऑस' जवळजवळ तांत्रिक शब्द केला होता : हवा, किंवा एखादा जीव ज्या माध्यमात वावरतो ते माध्यम. 'केऑस'वरून 'गॅस' करताना गोंधळापेक्षा हा हवेचा, माध्यमाचा अर्थ जवळ होता.

त्याच्या स्वतःच्या प्रयोगांकडे पाहिलं की हे जास्त पटतं. त्याने 62 पौंड कोळसा जाळला, राख उरली 1 पौंड. बाकीचे 61 पौंड गेले कुठे? त्याचं उत्तर : ते 'स्पिरिटुस सिल्व्हेस्ट्रिस', म्हणजे 'रानटी वाफ' बनून निघून गेले. द्राक्षाचा रस आंबतानाही हीच वाफ सुटते, हे त्याने ओळखलं. आज आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. 'रानटी' का? तर ती भांड्यात कोंडता येत नाही, आणि तिला पुन्हा दिसणाऱ्या पदार्थात आणता येत नाही म्हणून. सगळे पदार्थ मुळात पाण्याचे बनलेले आहेत, असं तो मानायचा. त्यामुळे 'गॅस' म्हणजे त्याच्या लेखी अतिशय विरळ झालेलं पाणीच, फक्त मूळ पदार्थाचा स्वभाव जपणारं.

'रेणूंचा गोंधळ' म्हटलं की हे सगळं पुसलं जातं. 17व्या शतकातला एक माणूस 61 पौंडांचा हिशेब लावायला धडपडतोय, ही खरी गोष्ट. तिच्या जागी त्याला आपलंच पाठ्यपुस्तक आधीपासून ठाऊक होतं, असा भास तयार होतो.

शब्द तोच, अर्थ दुसरा

फान हेल्मोंटनंतर हा शब्द बराच काळ मागे पडला. बॉइल 'हवा'च म्हणायचा. 1770च्या दशकात प्रीस्टली 'वेगवेगळ्या प्रकारच्या हवां'वर ग्रंथ लिहीत होता. फ्रान्समध्ये माकेरच्या रसायनकोशाने 'गॅस'ला पुन्हा उजेडात आणलं आणि 1787 मध्ये लावाझिए व त्याच्या सहकाऱ्यांच्या नव्या नामपद्धतीने त्याला पक्की जागा दिली. तोवर वायू पाण्यावर उलट्या भांड्यात गोळा करायचं तंत्र हाती आलं होतं. जे कोंडताच येत नाही म्हणून 'गॅस', ते आता बाटलीत होतं! अर्थही बदलला : विशिष्ट पदार्थाची रानटी वाफ नव्हे, तर कोणताही पदार्थ उष्णता मिळाल्यावर जाऊ शकतो अशी अवस्था. आपण शिकतो तो 'गॅस' हा.

फ्रेंच रसायनशास्त्राबरोबर शब्द युरोपभर गेला : फ्रेंच, रशियन, पोलिशमध्ये 'गाझ'च्या जवळचा, जर्मन, स्पॅनिश, इटालियनमध्ये 'गास', फिनिशमध्ये 'कासू'. पण सगळीकडे नाही. झेकमध्ये 'वाहणे' या क्रियापदाशी नातं सांगणारा 'प्लिन' रूढ झाला. आणि ज्या ग्रीकमधून 'केऑस' आला, त्या ग्रीकमध्ये आज पदार्थाच्या या अवस्थेला 'आएरिओ', म्हणजे हवेवरून केलेला शब्द आहे.

रोजच्या वापरात तर अर्थ आणखी सैल झाला. 19व्या शतकात 'गॅस' म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांचा कोळशाचा वायू. अमेरिकेत 'गॅस' म्हणजे पेट्रोल, जे द्रव आहे. पहिल्या महायुद्धातला 'मस्टर्ड गॅस' सामान्य तापमानाला द्रवच असतो. आपण घरी ज्याला 'गॅस' म्हणतो, तोही भरलेल्या सिलिंडरमध्ये बराचसा द्रवच असतो. म्हणून 'अमुक शब्दाचा अर्थ तमुक' म्हणताना 'कधी, कुठे, कुणासाठी' हे जोडावंच लागतं.

लिटरेचर रिव्ह्यूत काय करायचं?

शब्दाची व्युत्पत्ती हाही एक दावाच आहे. तुमच्या डेटाला लावता त्याच चाचण्या तिला लावा. पहिला लेखी वापर कोणता? शब्द करणारा स्वतः काय म्हणतो? मूळ शब्दाचा त्या काळचा अर्थ काय होता? दुसरे दावे कोणते, आणि ते का मागे पडतात? शेवटी, वाक्यात 'कारण' असेल तर तारखा जुळतात का?

हे करायला एक दुपार पुरते. नंतर वाक्य असं लिहिता येईल : "फान हेल्मोंटने 17व्या शतकात 'केऑस'च्या जवळचा म्हणून 'गॅस' हा शब्द केला; भांड्यात न कोंडता येणाऱ्या वाफेसाठी तो होता, आणि अवस्था या अर्थाने तो 18व्या शतकाच्या शेवटी स्थिर झाला." आधीच्यापेक्षा हे लांब आहे आणि टाळ्या कमी मिळवेल. पण व्हायव्हाला परीक्षकाने 'कशावरून?' विचारलं, तर यातल्या प्रत्येक शब्दामागे तुम्हाला उभं राहता येईल.