मकबऱ्यात काय खटकतं?

मंडळी, आज तीन शब्द घेऊ: सममिती, समतोल आणि प्रमाण. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसलेल्यांना ते पाठ असतात, पण बोलताना तिन्हींची सरमिसळ होते. म्हणून आपल्या शहरातला बीबी का मकबराच समोर ठेवू.

‘गरिबांचा ताज’. पाहुण्यांना मकबरा दाखवताना आपणच हे आधी सांगून मोकळे होतो. कारणही ठरलेलं असतं, पैसा कमी पडला, संगमरवर कमी पडला. माहिती खरी आहे. घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा संगमरवरी, मधलं बांधकाम काळ्या दगडाचं, त्यावर घोटलेला गिलावा. पण हा खर्चाचा हिशेब झाला. दरवाजातून पाहताना गिलावा आणि संगमरवर यांतला फरक कितीजणांच्या डोळ्यांना कळतो?

मग खटकतं काय? सममिती तर नाहीच. दिलरास बानू बेगमसाठी १६६० च्या सुमारास बांधलेली ही कबर. दर्शनी बाजूवर मधोमध उभी रेघ ओढा, दोन्ही अर्ध जुळतात. मधला घुमट, चार मिनार, चारबाग, पाण्याचा पाट, सगळं ताजसारखंच.

खटकतं ते प्रमाण, म्हणजे एका भागाचं दुसऱ्या भागाशी असलेलं मोजमापाचं नातं. ताजचा चौथरा ऐसपैस, त्यामुळे मिनार लांब उभे राहतात आणि घुमटाभोवती आकाश उरतं. इथं चौथरा आखडलेला. मिनार अंगाशी आलेत, शिवाय मधल्या इमारतीच्या मानानं दणकट आहेत. समोरून दाटी वाटते, हे आम्ही नाकारत नाही. पण वास्तुकार अताउल्ला हा ताजचे वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. घरातलंच प्रमाण त्याला ठाऊक नव्हतं, हे आम्हाला पटत नाही. पाटाच्या कडेनं चालत जवळ जा. तीच दाटी नजरेला वर ढकलते, इमारत पसरण्याऐवजी उंच होत जाते. आम्हाला तरी तिथं ताजची आठवण येत नाही.

राहिला समतोल. चौथऱ्यावर डावीकडे, पश्चिमेला, मशीद आहे. ती नंतरची, निजामाच्या काळातली. ताजमध्ये मशिदीसमोर पूर्वेला तशीच इमारत आहे. तिला म्हणतात ‘जवाब’, काय सुंदर शब्द आहे बघा! आपल्या मशिदीला जवाब नाही, म्हणजे चौथऱ्यावर सममिती मोडली. पण इमारत डावीकडे कलली का? नाही. मशीद ठेंगणी आहे, मधल्या घुमटाचं वजन तिला सहज पेलतं. तराजूच्या दोन पारड्यांत एकच वस्तू कुठं असते?

पुढच्या वेळी मकबऱ्याचं एक रेखाटन करून आणा. घुमटापासून नको, मिनार आणि घुमट यांच्यामधल्या आकाशापासून सुरू करा. खोडरबर घरी ठेवा.