‘आणखी’ची मागणी : कल्पनारम्य चित्रपटाची विस्तारित गृहआवृत्ती, प्रेक्षकमत आणि ‘तुंबाड’

प्रास्ताविक

चित्रपटगृहात दाखविला गेलेला चित्रपट आणि घरी पाहण्यासाठी विक्रीस आलेला तोच चित्रपट यांची लांबी वेगळी असू शकते, ही कल्पना आपल्याकडे तशी नवीच म्हणावी लागेल. पीटर जॅक्सन दिग्दर्शित ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीने ती जगभर रूढ केली. २००१, २००२ व २००३ मध्ये अनुक्रमे प्रदर्शित झालेल्या या तीन भागांच्या विस्तारित आवृत्त्या प्रत्येकी सुमारे एक वर्षाने, डीव्हीडीच्या रूपाने घरोघरी पोहोचल्या. पहिला भाग १७८ मिनिटांवरून सुमारे २०८, दुसरा १७९ वरून सुमारे २२३ आणि तिसरा सुमारे २०० मिनिटांवरून २५१ मिनिटांवर गेला. ही वाढ केवळ वगळलेल्या दृश्यांची पुरवणी जोडून साधलेली नव्हती. नवी दृश्ये मूळ संकलनात विणली गेली आणि त्यांच्यासाठी हॉवर्ड शोअर यांनी जादा संगीतही रचले.

तेव्हापासून प्रेक्षकांत एक वाद सुरू आहे. विस्तारित आवृत्ती हीच खरी कलाकृती, असे एक पक्ष मानतो. चित्रपटगृहातील आवृत्तीच बांधेसूद असून विस्तार हा चाहत्यांसाठीचा खाऊ आहे, असे दुसरा पक्ष म्हणतो. खुद्द जॅक्सन यांनी चित्रपटगृहातील आवृत्त्यांनाच आपल्या दृष्टीने अंतिम मानले आहे. तरीही पहिल्या पक्षाचा आवाज मोठा राहिला. ‘द रिटर्न ऑफ द किंग’ला २००४ च्या फेब्रुवारीत मिळालेली अकरा ऑस्कर पारितोषिके लहान आवृत्तीची होती, कारण मोठी आवृत्ती त्याच वर्षाच्या अखेरीस आली, हेही या वादात सहसा कोणी लक्षात घेत नाही.

प्रस्तुत लेखात हा वाद निकालात काढण्याचा हेतू नाही. प्रेक्षक जेव्हा ‘आणखी हवे होते’ असे म्हणतो, तेव्हा तो नेमके काय मागतो आणि समीक्षेने ती मागणी कशी वाचावी, हा येथील प्रश्न आहे. त्यासाठी महाराष्ट्राच्या मातीत रुजलेल्या एका कल्पनारम्य चित्रपटाचा, म्हणजे राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाचा विचार केला आहे. ‘तुंबाड’ची विस्तारित आवृत्ती निघालेली नाही. परंतु त्याला खरा प्रेक्षक घरातच लाभला आणि त्या प्रेक्षकाने ‘आणखी’ची मागणी ज्या आग्रहाने केली, ती पाहता प्रश्न तोच आहे.

विस्तार : आपला आणि त्यांचा

आपल्या परंपरेत दीर्घ आवृत्ती रंगभूमीवर असे आणि आखूड आवृत्ती घरी येई. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) व ‘सौभद्र’पासून (१८८२) पुढे बहरलेल्या संगीत नाटकाचा प्रयोग रात्रभर चाले. बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला की प्रयोग आणखी लांबे. तेच पद ग्रामोफोनच्या तबकडीवर आले ते अवघ्या तीन-साडेतीन मिनिटांत, आलापी छाटून. म्हणजे घरी येताना कलाकृती आकसत असे. आमच्या विदर्भात झाडीपट्टीची नाटके सुगीनंतरच्या हंगामात आजही रात्री सुरू होतात ती पहाटेपर्यंत चालतात आणि प्रेक्षकाला त्याचे काहीच वाटत नाही.

डीव्हीडीने हा क्रम उलटा केला. घर हे विस्ताराचे ठिकाण झाले आणि चित्रपटगृह संक्षेपाचे. या उलटापालटीत एक महत्त्वाचा फरक मात्र नजरेआड होतो. ‘वन्स मोअर’ देणारा प्रेक्षक समोर असे. नट त्याचा श्वास ऐकत असे आणि पद किती लांबवावे हे त्या क्षणी दोघे मिळून ठरवीत. विस्तारित गृहआवृत्तीत ही देवघेव नाही. तेथे विस्तार आधीच ठरलेला, वेष्टनात बांधलेला आणि विक्रीस मांडलेला असतो.

जादा दृश्यांचे गुणावगुण

जादा दृश्यांविषयीची प्रेक्षकमते सरसकट ग्राह्य किंवा त्याज्य मानता येत नाहीत. दृश्यागणिक पाहावे लागते. ‘द टू टॉवर्स’च्या विस्तारित आवृत्तीत बोरोमिर, फारामिर आणि त्यांचा पिता डेनेथॉर यांचे पूर्ववृत्त दाखविणारा एक प्रसंग आहे. थोरल्या मुलावर जीव असलेला बाप धाकट्याला कसे लेखतो, हे त्यात कळते. चित्रपटगृहात पाहताना फारामिरचे वागणे कोरडे आणि काहीसे अकारण वाटते, येथे त्यामागची जखम दिसते. हा प्रसंग हवाच होता, असे म्हणणारा प्रेक्षक चांगला समीक्षक आहे.

याउलट ‘द रिटर्न ऑफ द किंग’मध्ये चाच्यांची गलबते अ‍ॅरॅगॉर्नच्या हाती पडण्याची सूचना विस्तारित आवृत्ती आधीच देऊन टाकते. लहान आवृत्तीत शत्रूची म्हणून समजलेली गलबते धक्क्याला लागतात आणि त्यांतून अ‍ॅरॅगॉर्न उडी घेतो, तेव्हा रणभूमीवरील पात्रांबरोबर प्रेक्षकही चकित होतो. विस्ताराने प्रेक्षकाला माहिती मिळाली आणि विस्मय गेला. भरतमुनींच्या परिभाषेत विस्मय हा अद्भुतरसाचा स्थायीभाव आहे. कल्पनारम्य चित्रपटातून तोच गेला, तर वाढलेल्या मिनिटांचा हिशेब तोट्याचाच मांडावा लागेल.

सारुमानच्या मृत्यूचा प्रसंग या दोहोंच्या मध्ये बसतो. तो तिसऱ्या भागाच्या चित्रपटगृहातील आवृत्तीतून वगळला गेला, त्यामुळे ती भूमिका करणारे ख्रिस्तोफर ली नाराज झाले, आणि विस्तारित आवृत्तीत तो परत आला. कथेचा धागा पूर्ण होतो म्हणून प्रेक्षकांना तो हवासा वाटतो, आणि ते रास्तच आहे. पण चित्रपटाच्या आरंभीच तो आल्याने पुढच्या कथेची गती मंदावते, हेही खरे. मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या अनुवादामुळे मूळ कादंबरी मराठीत वाचलेल्या वाचकाला तर चित्रपटातील हा शेवट कादंबरीहून निराळा आहे, हे लगेच ध्यानात येईल. ‘द हॉबिट’च्या तीन भागांच्या विस्तारित आवृत्त्यांबद्दल येथे फारसे लिहिण्याचे कारण नाही. मुळातच ताणलेली कथा आणखी ताणली गेली, एवढे नोंदविणे पुरे.

‘तुंबाड’ : घरात सापडलेला प्रेक्षक

‘तुंबाड’ची कुळकथा मराठी वाङ्मयाशी जोडलेली आहे. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून आले. कथेचा मात्र त्या कादंबरीशी संबंध नाही. भयाचे बीज नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कथेतले. १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात असताना एका मित्राने धारपांची गोष्ट सांगितली आणि ती मनात घर करून राहिली, असे बर्वे यांनी सांगितले आहे. म्हणजे कोकणातील पावसात भिजलेल्या या चित्रपटाचा पहिला अंकुर विदर्भाच्या जंगलात फुटला, ही नोंद आमच्यासारख्यांना सुखावणारी आहे.

ऑगस्ट-सप्टेंबर २०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. चित्रपटगृहांत त्याला मिळालेला प्रतिसाद बेताचाच होता. पुढे तो अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला आणि तेथे त्याचा प्रेक्षक हळूहळू, ऐकीव शिफारशींवर वाढत गेला. तालुक्याच्या ठिकाणी तर अशा चित्रपटाचे पहिले दर्शन बहुधा घरीच, अनेकदा भ्रमणध्वनीच्या हातभर अंतरावरील पडद्यावर घडते. पदवी वर्गातील जे विद्यार्थी ‘तुंबाड’बद्दल उत्साहाने बोलतात, त्यांपैकी बहुतेकांनी तो असाच पाहिलेला असतो. त्यांच्या दृष्टीने ‘गृहआवृत्ती’ हा दुसरा अनुभव नसतो, तोच मूळ असतो.

या प्रेक्षकाच्या बोलण्यात काही मागण्या वारंवार येतात. हस्तर फार थोडा वेळ दिसतो, त्याची कथा सविस्तर हवी होती. वाड्यातील आजी अशी का झाली, हे कळायला हवे होते. विनायकाच्या पत्नीला तिचे असे काही आयुष्य द्यायला हवे होते. यांतील तिसरी मागणी मला पूर्णतः मान्य आहे. पुण्यातील संसाराचा भाग खरोखर घाईने उरकला आहे, आणि नवऱ्याच्या संपत्तीचा उगम ठाऊक नसलेल्या बाईचे मौन हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय होता. फारामिरच्या प्रसंगासारखाच विस्तार येथे न्याय्य ठरला असता.

पहिल्या दोन मागण्यांची गोष्ट वेगळी आहे. हस्तरची पुराणकथा चित्रपटाच्या आरंभी थोडक्यात येते. समृद्धीच्या देवीचे हे पहिले अपत्य सोन्याच्या आणि धान्याच्या लोभात पडते, इतर देवांचा कोप ओढवते आणि आईच्या कृपेने वाचते, पण त्याची पूजा होणार नाही या अटीवर. ही कथा एखाद्या व्रताच्या कहाणीइतकीच आटोपशीर आहे. कहाणी सांगणारी म्हातारी देवाचे वय, वर्ण, वंशावळ देत नाही. ती नेम आणि त्याचा भंग सांगून पुढे जाते. हस्तरचे भय या आटोपशीरपणात आहे. भयानक रसाचा आलंबनविभाव जितका स्पष्ट, तितके भय अधिक, असा काहींचा समज असतो. धारपांच्या कथा वाचलेल्या कोणालाही तो पटणार नाही. दाराआड काय आहे हे न सांगता दार किलकिले ठेवणे, ही त्यांची पद्धत. बर्वे तीच पाळतात.

लोभाची कथा आणि प्रेक्षकाचा लोभ

या चित्रपटाचा विषयच ‘आणखी’ हा आहे. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत विभागलेल्या कथेत विनायक तुंबाडच्या वाड्याखालील गर्भात उतरतो, पिठाची बाहुली हस्तरपुढे टाकतो आणि तो ती खाण्यात गुंतला असता त्याच्या लंगोटातून पडतील तेवढी सोन्याची नाणी उचलून वर येतो. यात एक हिशेब आहे : एक उतरण, एक बाहुली, मूठभर नाणी. या मर्यादेमुळेच तो वर्षानुवर्षे जिवंत राहतो. पुढे मुलगा पांडुरंग सुचवितो की, पुष्कळ बाहुल्या नेल्या तर अख्खा लंगोटच पळविता येईल. बापाला ते पटते. गर्भात बाहुल्या टाकल्या जातात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात.

हा प्रसंग पाहताना विस्तारित आवृत्तीच्या मागणीची आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रेक्षकाची तुलना विनायकाशी करणे काहींना अन्यायाचे वाटेल. चित्रपटावर प्रेम करणारा माणूस लोभी कसा, असा आक्षेप घेता येईल. परंतु विनायकाचे तुंबाडवरचे प्रेमही खोटे नाही. तो त्या जागेपासून दूर राहू शकत नाही, हीच त्याची शोकांतिका आहे. आवडत्या जगात अधिक काळ राहावे, ही रसिकाची इच्छा निरागस असते. तिचे रूपांतर त्या जगाचा प्रत्येक कोपरा उजळून पाहण्याच्या हट्टात झाले की, ते जग नकाशा होऊन बसते. जॅक्सनच्या त्रयीला हे काही अंशी सोसते, कारण टॉल्किनचे विश्वच नकाशे, वंशावळी आणि परिशिष्टे यांवर उभे आहे. ‘तुंबाड’ला ते सोसणार नाही. ते एका विहिरीएवढे विश्व आहे.

पुनःप्रदर्शन : प्रेक्षकाने खरे काय मागितले?

१३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि त्याने पहिल्या प्रदर्शनापेक्षा अधिक कमाई केली. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणाही झाली. या घटनेचा अर्थ बहुतेकांनी व्यवसायाच्या अंगाने लावला. समीक्षेच्या दृष्टीने तिच्यात एक उत्तर दडलेले आहे. नवी दृश्ये पाहण्यासाठी हा प्रेक्षक आला नव्हता. घरी पाहिलेला, कित्येकांना प्रसंगवार पाठ असलेला चित्रपट तो तिकीट काढून पुन्हा पाहण्यास गेला.

नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या हसण्यातून, उद्गारांतून, रोमांचातून कळते. दैविकी सिद्धी मात्र प्रेक्षागृह पूर्ण भरलेले असताना आणि कोठेही आवाज वा खळबळ नसताना लाभते. घरच्या पडद्यावर पहिली सिद्धी एकवेळ मिळेल. भयपट पाहताना अंगावर काटा घरीही येतो. दुसरी मिळणार नाही. भरलेल्या गृहातील शांततेसाठी भरलेले गृह लागते. मिनिटांची वाढ मागणाऱ्या प्रेक्षकाला मुळात ही शांतता हवी होती, आणि तिच्यासाठी शब्द न सापडल्याने तो ‘आणखी’ म्हणत होता, असे मला वाटते.

दुसऱ्या भागात हस्तरची कथा वाढविण्याचा मोह होईल. पहिल्या भागाच्या शेवटी शापग्रस्त झालेला विनायक मिळविलेला लंगोट मुलापुढे धरतो. आयुष्यभर ज्याच्यासाठी बापाने जीव धोक्यात घातला ते सारे सोने एका हाताच्या अंतरावर असते. पांडुरंग ते घेत नाही. तो बापाला अग्नी देतो आणि चित्रपट तेथे थांबतो. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे प्रेक्षकांनी विचारलेच आहे.