बिल्ला कोणाचा, हजेरी कोणाची?

वेस्टर्न चित्रपटातला मार्शल आपल्या ओळखीचा आहे: घोडा, टोपी, छातीवर बिल्ला. पण तो घडवला कोणी? वायट अर्प १९२९ साली वारला. १९३१ साली स्टुअर्ट लेकने लिहिलेले त्याचे चरित्र आले, त्यात दंतकथेचाच भरणा मोठा. त्याच चरित्राच्या आधाराने जॉन फोर्डने १९४६ मध्ये ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ काढला. २६ ऑक्टोबर १८८१ ची टूमस्टोनची चकमक प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटाची, तीन माणसे मेली. पडद्यावर तिचे धर्मयुद्ध झाले.

१९७१ च्या ‘डॉक’ने या देवाचा शेंदूर खरवडला, त्यातला अर्प सत्तेच्या मागे लागलेला आहे. १९९२ च्या ‘अनफरगिव्हन’मध्ये तर बंदूकबाजांच्या सुरस कथा लिहिणारा लेखकच पात्र होऊन येतो आणि दंतकथेचा कारखाना उघडा पडतो. बहुतेक समीक्षा इथे समाधान पावते. माझे समाधान होत नाही.

१८७१ साली याच अर्पवर घोडे चोरल्याचा आरोप होता. तरी पुढे त्याला बिल्ला मिळाला. त्याच १८७१ साली इंग्रजांनी आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ साली त्याची व्याप्ती देशभर वाढवली. तिकडे आरोप एका माणसावर, आणि तोही पुसला गेला. इकडे आरोप अख्ख्या जमातीवर, जन्मतःच. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण अमरावती-अकोल्याकडच्या पारधी बेड्यांवर जाऊन बसा, संशय रद्द झालेला नाही हे लोकच सांगतात.

म्हणून मला ‘अनफरगिव्हन’शेजारी अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ठेवावीशी वाटते. कादंबरी १९५९ ची, तिच्यावरचा चित्रपट १९६३ चा. फकिराही दंतकथाच आहे, दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसे जगवणाऱ्याची. पण ती रचली आहे हजेरीच्या वहीत ज्यांची नावे होती त्यांच्यातल्याच एका लेखकाने. हॉलिवूडने नायक मळवला, तरी कॅमेरा त्याच्याच पाठीमागे चालत राहिला. ‘फकिरा’त कायदा दिसतो तो ज्याच्या मानेवर बसला त्याच्या डोळ्यांनी.

नायकाला खाली ओढणे सोपे. बिल्ला देणाऱ्या हाताला जाब विचारणे अवघड. फेरमांडणीची कसोटी मी तीच मानतो.