आंब्याखालची हळद : मीना खडीकरांच्या चालींविषयी

मीना खडीकर यांनी लता मंगेशकरांवर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव आहे 'मोठी तिची सावली'. लिहिणारी व्यक्ती स्वतः संगीतकार आहे, आणि मुखपृष्ठावरच ती आपली जागा सांगून टाकते: सावलीत. हे नाव ऐकलं की आपल्याला लगेच हळहळ वाटते. मला ही हळहळ पटत नाही. आपण मीनाताईंना लतादीदींच्या मापानं मोजतो, म्हणून ती वाटते.

माप लावायचा मोह होतो हे खरं. भावंडांचा क्रमच बघा ना. लता १९२९ची, मीना १९३१ची, आशा १९३३ची. वर लता, खाली आशा. अशा जागी जन्माला आलेल्या मुलीनं गाऊन काय सिद्ध करायचं? १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा लता तेरा वर्षांचीही नव्हती आणि मीना अकराची व्हायची होती. थोरलीनं घर खांद्यावर घेतलं. 'मदर इंडिया'त (१९५७) लता, मीना, उषा या तिघींनी मिळून गायलेलं एक गाणं आहे. ते ऐकताना आपला कान लतादीदींचा आवाज शोधतो आणि तो सापडला की थांबतो.

मीनाताई चाली बांधण्याकडे वळल्या. 'माणसाला पंख असतात' या चित्रपटाला त्यांचं संगीत आहे. पण त्यांचं खरं काम मला दिसतं ते बालगीतांत. मंगेश पाडगांवकरांचं 'सांग सांग भोलानाथ' घ्या. चाल मीना खडीकरांची. गायलंय शमा खळे आणि मीनाताईंची मुलं रचना व योगेश यांनी. 'चॉकलेटचा बंगला'ही याच चमूचं. घरात लता आणि आशा असताना या बाईंनी माईकसमोर उभी केली लहान मुलं.

हा निर्णय चालीतही ऐकू येतो. 'भोलानाथ'च्या ओळी छोट्या आहेत. एका श्वासात एक प्रश्न मावतो, आणि पुढच्या प्रश्नाआधी दम घ्यायला जागा मिळते. लांबलचक तान नाही, सहा वर्षांच्या मुलाचा आवाज फाटेल अशी उंच जागा नाही. सूर थोडा हलला तरी गाणं कोसळत नाही. "हे तर सोपंच आहे," असं कोणी म्हणेल. मग पन्नास मुलांना तालीम न देता एकत्र गाता येईल अशी एक चाल बांधून बघा. लतादीदींचं गाणं आपण ऐकतो. म्हणायला गेलो की आपलं आपल्यालाच हसू येतं. मीनाताईंचं गाणं मात्र म्हणण्यासाठीच बांधलेलं आहे.

मी महाडचा. आमच्याकडे, आणि वर पोलादपूरच्या वाड्यांवरही, जिल्हा परिषदेच्या शाळांत हे गाणं बाईंनी म्हणायचं आणि मुलांनी ओढायचं, असंच पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पेटी असली तर असली. स्नेहसंमेलनात नाच बसवणाऱ्या बाईंचं नाव पुकारतात, संगीतकाराचं कधी ऐकलेलं नाही.

गाण्यातल्या मुलाला हवंय ते इतकंच: पाऊस पडावा, शाळेभोवती पाणी तुंबावं आणि सुट्टी मिळावी. महाडात हे दर जुलैला होऊ शकतं. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरतं, मोबाइलवर शाळा बंदचा मेसेज येतो. २००५मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ला तळीये गेलं, ८०हून जास्त माणसं गेली. त्यानंतर हे गाणं ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला. पावसाची अशी मजेत वाट बघणं शहरातल्या माणसालाच परवडतं, असं वाटलं.

पण मुलांनी ते सोडलं नाही, आणि कारण मला चालीत सापडतं. तिच्यात लाडीगोडी नाही, मुलांकडे बघून गालातल्या गालात हसणारा मोठा माणूस नाही. मूल जसं विचारतं तसं ती विचारते, सरळ. तोच प्रश्न कोणी खेळत विचारो की धास्तीनं, चाल आड येत नाही. एखाद्या मोठ्या गायिकेच्या आवाजात ते गाणं तिचं झालं असतं. इथे ते ज्याच्या तोंडी आहे त्याचं होतं.

आता पुन्हा त्या सावलीकडे. आपल्या भाषेत सावली ही तक्रार नसते, उन्हातून आलेल्याला ती हवीच असते. मंगेशकर या नावाची सावली नसती तर या रेकॉर्ड निघाल्या असत्या का, हा प्रश्नही रास्तच आहे. पण आमच्याकडचा कुठलाही शेतकरी दुसरी बाजूही सांगेल: बांधावरच्या आंब्याखाली भात धरत नाही. तिथे हळद लावतात, आलं लावतात. ते सावलीत चांगलं येतं. त्याला भाताच्या मापानं मोजून "बिचारी हळद" म्हणणाऱ्याला शेती कळत नाही, एवढंच.

मीनाताईंवर अन्याय झाला असेल, तर तो बहिणीच्या मोठेपणानं केला नाही, आपल्या आळसानं केला. गाणं पाठ, चाल पाठ, आणि चाल कोणाची ते ठाऊक नाही. यंदाच्या संमेलनात नाच बसवणाऱ्या बाईंच्या नावाआधी एक नाव आणखी पुकारायला काय हरकत आहे?