‘वेगळा वर्ग’ : सेवाशर्तींतील भेदभावाच्या खटल्यांत मालकपक्षाचा बचाव

स्त्री-पुरुष भेदभावाच्या खटल्यांत मालकपक्षाचा युक्तिवाद बहुधा एकाच विधानावर उभा असतो : तुलना होत असलेले कर्मचारी एका वर्गातील नाहीत. हे विधान दिसते तितके निरुपद्रवी नाही. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीचा मुंबईतून उद्भवलेला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाली काढलेला खटला त्याचा उत्तम नमुना ठरतो. तेथील लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. सेवा समाप्त झालेल्या एका लघुलेखिकेने समान वेतन कायदा, १९७६ अन्वये फरकाची मागणी केली.

कंपनीचा बचाव तिहेरी होता. स्त्रिया वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ‘गोपनीय लघुलेखिका’ असल्याने त्यांचे काम निराळे. वेतन कामगार संघटनेशी झालेल्या कराराप्रमाणे ठरलेले. आणि वाढीव बोजा पेलण्याची कंपनीची ऐपत नाही. शेवटचे दोन मुद्दे फार काळ टिकणारे नव्हतेच. कायदा करारापेक्षा वरचढ असून त्याची अंमलबजावणी मालकाच्या आर्थिक क्षमतेवर अवलंबून नाही, असे न्यायालयाने ठरविले. खरा विचार करावा लागतो तो पहिल्या मुद्द्याचा. गोपनीय पदावर पुरुष नेमायचाच नाही आणि मग तेथे पुरुष नाही म्हणून तुलना अशक्य आहे असे म्हणायचे, ही मांडणी वर्तुळाकार आहे. कामाच्या साम्याकडे व्यापक दृष्टीने पाहावे, किरकोळ फरकांना महत्त्व देऊ नये, ही न्यायालयाची भूमिका या वर्तुळाला छेद देते.

मात्र हाच बचाव १९८१ मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात यशस्वी झाला होता. हवाई सुंदरी व पुरुष विमान-कर्मचारी यांची भरती, वेतन आणि बढतीचे मार्ग भिन्न, म्हणून ते भिन्न वर्ग, हे न्यायालयाने मान्य केले. ही भिन्नता निर्माण कोणी केली, हा प्रश्न बाजूलाच राहिला. पहिल्या गर्भधारणेबरोबर नोकरी संपविणारा नियम रद्द झाला खरा. परंतु सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास नोकरी जाण्याची अट कायम राहिली. पुढे २००३ मध्ये हवाई सुंदरींना पन्नाशीत उड्डाणसेवेतून निवृत्त करणारी तरतूदही वैध ठरली. त्या वेळी संघटनेशी झालेले करार मालकपक्षाच्या मदतीस आले, हे १९८७ च्या निकालाशेजारी ठेवून वाचले पाहिजे.

समान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. ‘समान किंवा तत्सम काम’ या व्याख्येत पूर्वी कौशल्य, श्रम व जबाबदारी हे निकष होते. संहितेने त्यांत ‘अनुभव’ हा शब्द घातला. प्रसूती वा संगोपनासाठी ज्यांच्या सेवेत खंड पडतो त्या स्त्रियांच्या संदर्भात हा शब्द निरागस नाही. ‘वेगळा वर्ग’ म्हणून जे सिद्ध करणे १९८७ नंतर अवघड झाले होते, ते ‘कमी अनुभव’ म्हणून मांडण्याची वाट त्याने मालकाच्या वकिलास उपलब्ध करून दिली आहे.